किसनच्या चाकातली हवा

“तात्यानं मायेनंच भरली हो हवा. आमची कंपनीची जुनी खोड, चाक कसं दगडावानी पाह्यजे. अन् पोरीनं सांगितलेलं इसरला बिचारा. वय झालं, काय करता?”

माझा मित्र किसन गेली चार वर्षे ही हकिकत अशीच सांगतो; त्यातला तात्या म्हणजे मी. काळेवाडीच्या चहाच्या टपरीवर सांगतो, रविवारच्या सरावाला नव्याने आलेल्यांना सांगतो, आणि शेवटी डावा हात उंचावून हसतो, कारण उजवा आता खांद्याच्या वर जात नाही. ही हकिकत खोटी आहे. वाद घालण्यात माझी हयात गेली, त्यामुळे ती खोडून काढणे मला अवघड नव्हते. तरीही या एका गोष्टीवर मी आजवर कोणापाशी तोंड उघडलेले नाही. बायकोपाशी नाही, मुलापाशी नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि खरे म्हणजे, गप्प राहण्याचाही आता थकवा आला आहे.

स्पर्धेत किसन सायकलीवरून का पडला, याबद्दलच्या इतरांच्या बाता आधी बाजूला करतो. किसनचा मुलगा म्हणतो, म्हातारचळ, दुसरे काय. चूक. त्याच्या बापाचे पाय त्या दिवशी विशीतल्या पोरांना भारी पडत होते. स्पर्धा भरवणारे म्हणतात, जमीन निसरडी होती. होतीच. स्पर्धाच निसरड्या जमिनीवरची होती! गवत, वाळू, चिखल यांतून आखलेल्या वाटेवर सायकलीने फेऱ्या मारायच्या. मध्येच आडव्या फळ्या लावलेल्या. तेथे चालत्या सायकलीवरून उतरायचे, ती खांद्यावर घ्यायची, फळ्या ओलांडायच्या आणि धावता धावता पुन्हा बसायचे. याला सायक्लोक्रॉस म्हणतात. आमच्या वयाच्या माणसांनी हे कशाला करावे, असे तुम्हीही म्हणाल. म्हणा. त्यावर मी अजून भांडायला तयार आहे.

मी मूळचा रहाटणीचा. किसन परभणीकडून कामाला आला आणि काळेवाडीत राहिला. भोसरीच्या एका कारखान्यात आम्ही दोघांनी नोकरी केली, आणि सायकलीनेच केली. वारा समोरून असला की मी पुढे, तो माझ्या आडोशाला. उभी नोकरी तो माझ्या मागे आला. हे मी मुद्दाम सांगतो आहे. मला ते किती सवयीचे झाले होते, ते मला फार उशिरा कळले.

निवृत्तीनंतर ऐकले की वाकडची ऋता नावाची एक मुलगी — संगणकाच्या कंपनीत नोकरी करणारी — चाकणच्या रस्त्यालगत एका पडीक रानात रविवारी हा खेळ शिकवते. किसनला तेथे मीच घेऊन गेलो. पुढे मी, मागे तो.

आणि पहिल्याच महिन्यात ते उलटे झाले. सायकल खांद्यावर घेणे मला जमले. फळ्या ओलांडणेही जमले. पण धावता धावता बसणे — ते काही जमेना. मी थांबत असे, उभा राहत असे, मग पाय टाकत असे. किसन मात्र उडी मारून असा बसे की चाकाची गती मोडत नसे. ऋता सगळ्यांसमोर म्हणाली, “तात्याकाका, जरा किसनकाकांकडे बघा ना. ते थांबतच नाहीत.” आणि किसन लांबून ओरडला, “तात्या, म्हैस बसल्यावानी नको बसू, राव!”

सगळे हसले. मीही हसलो. हसलो का? तोंड हसले असावे. त्याच्या मनात काही नव्हते, हे मला तेव्हाही ठाऊक होते. त्याने माझी सायकल पुनःपुन्हा धरून ठेवली, मला चढवले, उतरवले. त्याचाच मला अधिक राग आला.

भाद्रपदात पाऊस लागून राहिला आणि त्या रानाची काळी माती लोण्यासारखी झाली. स्पर्धा पुढच्या रविवारी होती. ऋताने सर्वांना गोलात उभे करून सांगितले की चिखलात चाक मऊ हवे; हवा इतकी कमी ठेवायची, की अंगठ्याने दाबल्यावर टायर आत जावा. तसा तो जमिनीवर पसरतो आणि धरून राहतो. टणक चाक वळणावर सुटते. किसन त्या दिवशी नव्हता. पुतण्याच्या बाळाच्या बारशाला गावी गेला होता. ती मला म्हणाली, “काका, त्यांना सांगाल ना?”

सांगतो, म्हणालो.

तो गावाहून आला. रोज माझ्याकडे येत होता. आम्ही वाटेबद्दल बोललो, फळ्यांबद्दल बोललो, सकाळी काय खाऊन जायचे यावर भांडलोसुद्धा. हवेचा विषय — त्याने काढला नाही, मीही काढला नाही. तो का काढणार होता? त्याला ठाऊकच नव्हते.

स्पर्धेच्या सकाळी त्याने सायकल माझ्यापुढे आणून उभी केली. “तात्या, माझीबी हवा बघ जरा. तुझा हात बसलाय पंपावर.” हात बसलेला होताच. शिफ्टला निघण्याआधी त्याच्या चाकांत हवा मीच भरत असे. मी भरली. भरत राहिलो. त्याने बोटाच्या पेराने टायरवर ठोकून पाहिले, पूर्वी आम्ही ठोकत असू तसे, आणि टणटण आवाज ऐकून म्हणाला, “बेस!”

दुसऱ्या फेरीत तो माझ्या पुढे होता. उतारावरचे वळण आले. मला त्याचे मागचे चाक दिसत होते; ते सरकले, आणि किसन उजव्या खांद्यावर आदळला. मी शेजारून गेलो. थांबलो नाही. “जा तात्या, जा!” असे तोच ओरडला, हे खरे आहे, पण त्याने काही बदलत नाही.

मी शेवट गाठला. स्पर्धा पूर्ण करणारा सर्वांत वयस्कर म्हणून मला मंचावर बोलावले, टाळ्या झाल्या. किसन माझ्याहून सहा महिन्यांनी मोठा आहे.

खाली उतरलो तेव्हा त्याला ताडपत्रीवर निजवले होते. खांद्याचे हाड मोडले होते. ऋताने त्याच्या सायकलीचे चाक दाबून पाहिले आणि माझ्याकडे वळली. “काका, मी सांगितलं होतं ना तुम्हाला?”

माझी सायकल तेथून दहा पावलांवर बाभळीला टेकलेली होती. तिचे चाक कोणी दाबून पाहिले नाही.

मी म्हणालो, “विसरलो, बाई. वय झालं.”

ज्याने वय झाल्याचे कधी कोणाला म्हणू दिले नाही, त्याने त्या क्षणी म्हाताऱ्याचे सोंग घेतले. आणि किसन त्या वेदनेतही तिला म्हणाला, “तात्याला बोलू नको, पोरी. आमची जुनीच खोड हाय ती.” ती हकिकत तेथे जन्मली. त्याने ती मला पांघरायला दिली, आणि मी पांघरली.

तो आता सायकल चालवत नाही. रविवारी त्या रानात येतो, कडेला बसतो, नव्या पोरांना सांगतो, “तात्याकडून हवा नका रे भरून घेऊ!” पोरे हसतात आणि माझ्याकडे दयेने बघतात. कोणीतरी माझ्या हातातला पंपही हळूच काढून घेतो.

दया नको. मी काहीही विसरलो नव्हतो. जुनी खोड नव्हती, माया तर नव्हतीच. कोणाला अजूनही शंका असेल, तर एवढेच — त्या सकाळी किसन येण्याआधी मी माझी सायकल तयार करून ठेवली होती, आणि तिच्या दोन्ही चाकांत माझा अंगठा आत जात होता.