कारणाचा रकाना

दुकानात तिला सगळे मुंडीवाली म्हणत. दुकानाच्या पुढच्या भागात मटण आधी नवरा कापायचा, तो गेल्यावर मुलगा कापू लागला. मागच्या मोरीपाशी बकऱ्यांच्या मुंड्या मात्र तीस वर्षं तिच्याकडेच. भाजायच्या, खरवडायच्या, जबडा उकलायचा. कवटीला ती लाकडी दांडका घाले, पण जबड्याला कधी नाही. कानाच्या एक बोट पुढे सुरीचं टोक शिरवायचं, मनगट वळवायचं, की खालचा जबडा आपसूक हातात.

तिच्या स्वतःच्या जबड्याला बावीस वर्षं आवाज होता. घास घेतला की कट्. मुलगा लहानपणी हसायचा, "आईच्या तोंडात घड्याळ आहे!" विचारणाऱ्याला ती सांगे, हाडं फोडून खाल्ली, आणखी काय. खाटकाच्या घरात त्यावर कोण शंका घेणार?

मग एक दिवस जेवताना तोच आवाज सुनेच्या तोंडातून आला.

सून एकाच बाजूनं चावू लागली. सकाळी उठली की कानशील धरून बसे. महिन्याभरानं तोंड अर्धंच उघडायला लागलं, आणि आवाज बंद झाला. "बरं झालं, टकटक तरी गेली," सून म्हणाली. मुंडीवालीचंही घड्याळ मध्ये वर्षभर असंच बंद पडलं होतं, तेव्हा ती पेजेवर जगली होती.

तिनं सुनेला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"तीन बोटं उभी घाल तोंडात." एकच गेलं, दुसरं दातांना अडलं. बाईंनी गाल दाबले, कानशिलं दाबली, कानापुढे बोट ठेवून तोंड उघडायला लावलं. हनुवटी डावीकडे ओढली गेली.

"याचे ढोबळ तीन प्रकार," बाई म्हणाल्या. "एकात नुसते चावायचे स्नायू आखडतात. झोपेत दात खाणाऱ्यांचे सकाळी गाल दगडासारखे होतात, बहुतेक दोन्हीकडचे. दुसऱ्यात सांध्यातली गादी सरकते. ती जागेवर परत बसते तोवर कट् वाजतं. बसेनाशी झाली की आवाजही जातो आणि तोंडही उघडत नाही. तिसऱ्यात हाडच झिजतं. हिचं दुसरं आहे, आणि एकट्या डाव्या बाजूचं. मार लागला होता?"

"झोपेत दात खाते मी," सून खाली बघत म्हणाली. "आणि हाडं फोडते."

कागदावर 'कारण' असा रकाना होता. बाईंनी पेन तसंच धरून मुंडीवालीकडे पाहिलं. "तुम्ही ऐकलंय? दात खाते?"

"खाते," मुंडीवाली म्हणाली, आणि तिचा जबडा वाजला. कट्. बाईंनी मान वर केली. मग लिहिलं.

वाटेत सून म्हणाली, "आई, खरं सांगितलं असतं तर घरी यांनी मला जिवंत ठेवलं नसतं."

"माहितीये."

"तुम्हाला कसं माहीत?"

मुंडीवाली भराभर पुढे चालू लागली.

तिसऱ्या दिवशी दुपारी मुलाला तो कागद सापडला. "मला न विचारता डॉक्टर? घरातलं बाहेर सांगत फिरतेस?" त्यानं सुनेला केसांना धरून मोरीपर्यंत फरफटत आणलं, डोकं भिंतीवर आपटलं आणि डाव्या गालावर बुक्की घातली. एक. दोन. सून किंचाळली, पण तोंड एक बोटच उघडलं. किंचाळीसुद्धा अर्धीच बाहेर आली.

"सोड तिला," मुंडीवाली उठली. एका हातात सुरी, दुसऱ्यात दांडका.

तो वळला. "तू मध्ये पडू नकोस, म्हातारे! बाबांनी तुझं थोबाड फोडलं तेव्हाच सरळ झालीस ना? मी बघितलंय!"

म्हणजे घड्याळ कुणी बसवलं, हे त्याला तेव्हाही ठाऊक होतं. तरी हसायचा.

'बघितलंय' म्हणताना त्याचं तोंड सताड उघडं होतं. तिनं दांडका वरून हनुवटीवर हाणला. आत काहीतरी खळकन निसटलं. तो गुडघ्यांवर आला. जबडा पुढे लोंबला, तोंड मिटेना, लाळ आणि रक्त सदऱ्यावर गळू लागलं. नुसताच आ, आ.

तिनं सुरीचं टोक त्याच्या कानाच्या एक बोट पुढे टेकवलं. कातडीवर रक्ताचा थेंब उमटला. मनगट वळवायचं तेवढं राहिलं होतं.

"आई, नको," सून दातांतून म्हणाली. "माझ्यासाठी तुम्ही आत जाल. मी मग कुणाकडे बघू?"

सुरी मोरीत पडली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी अंगठ्यांना कापूस गुंडाळून त्याच्या दाढांवर ठेवले, खाली दाबलं, मागे ढकललं. तो ओरडला आणि जबडा बसला. बाईंनी तो पट्टीनं बांधला.

"कसं झालं?"

"पडलो," तो दात धरून पुटपुटला.

"मी मारलं," मुंडीवाली म्हणाली. "दांडक्यानं. लिहा. आणि परवा हिच्या कागदावर दात खाते लिहिलंत, ते खोडा."

"ते तिनं सांगायला हवं."

सुनेनं गाल धरला. मुलानं तिच्याकडे डोळे वटारले, पण बांधलेल्या जबड्यावरचे डोळे तिला पहिल्यांदाच लहान वाटले. "यांनी मारलं," ती म्हणाली. "चार महिने मारतात. आजही."

बाईंनी खोडून लिहिलं. मग कोरा कागद ओढला. "आणि तुमचा जबडा, आजी? परवाच वाजताना ऐकला मी."

"माझ्या नवऱ्यानं. बावीस वर्षं झाली. तो मेला."

"हे सगळं पोलिसांना कळवावं लागेल. तुम्ही यांना मारलंत तेही."

"कळवा," मुंडीवाली म्हणाली. "माझ्या कागदावर हाडं फोडली असं नका लिहू, म्हणजे झालं."