राक्षसाला ठसका लागत नाही

ज्या सिनेमात राक्षसाच्या पाठीवरची चेन दिसते, तोच सिनेमा मला आवडतो. परग्रहावरून आलेला भयंकर प्राणी, अंगावर रंगवलेला फोम, पायात चक्क पावसाळी बूट, आणि त्याला बघून किंचाळणारी मंडळी मधेच फिसकन हसतात. मोठ्या खर्चाच्या सिनेमांत सगळं इतकं खरं दिसतं, की कुठेतरी पाणी मुरतंय असं मला वाटत राहतं. या भिकार सिनेमांकडे काही लपवायची ऐपतच नसते. माझ्यासारख्या संशयी बाईला तिथे दोन घटका निर्धास्त बसता येतं.

संशय हा आईचा वारसा. आप्पा, म्हणजे माझे वडील, नंदुरबारबाहेरच्या मिरचीच्या पथारीवर मुकादम होते. लाल मिरची उघड्या माळावर वाळत घालतात ती पथारी. आई आमची दृष्ट काढायची. मीठमिरच्या ओवाळून विस्तवात टाकायच्या. धुराने ठसका लागला तर दृष्ट नव्हतीच, आणि नाही लागला तर चांगलीच लागलेली होती. आता मिरचीच्या धुळीत उभं आयुष्य काढलेल्या घरात ठसका लागणार कोणाला? त्यामुळे दर वेळी दृष्ट निघायचीच, आणि कोणाची लागली असेल या विचाराने आई गल्लीतल्या एकेका बाईकडे डोळे बारीक करून बघायची. एकीने तर आमच्या दारावरून जाणंच सोडलं होतं.

गेल्या वर्षी आई गेली आणि आप्पांचं बोलणं आटलं. मी धानोऱ्याच्या शाळेत शिकवते. संध्याकाळी घरी आले, की मोबाइलवर एखादा सिनेमा लावून त्यांच्या खाटेवर ठेवायची. तिकडे हिरवा राक्षस म्हशीला घाबरून पळतोय, आणि इकडे मी सिनेमा सोडून आप्पांचं तोंड बघतेय, हसले का, निदान ओठ तरी हलले का. ते भिंतीकडे वळून झोपायचे. आईच्या मागोमाग हेही निघालेत, अशी धास्तीच मी घेतली होती. भाकरी किती खाल्ली, गोळी गिळली की खिशात टाकली, सगळ्यावर माझी नजर असायची.

दिवाळी झाली आणि आप्पा दुपारचे घरातून गायब व्हायला लागले. शेजारणीने ते मुद्दाम मला सांगितलं. "म्हतारा माणूस, एकटा," एवढंच म्हणून तिने वाक्य हवेत सोडून दिलं.

"आप्पा, रोज कोठे जाई ऱ्हायनात?" मी विचारलं.

"कोठेच नई. पाय मोकळा करी येस."

पाय मोकळे करणाऱ्याची मान हिरवी कशी होते? मानेवर डाग, कानामागे डाग, आणि एकदा तर भुवईसुद्धा हिरवी. मनात पाल चुकचुकली. कुठल्या बुवाच्या नादी लागून लेप लावून घेतायत? भ्रम झालाय? शेजारणीच्या मनात होतं तेही मी विचारात घेऊन पाहिलं, पण माणसाला हिरवा रंग फासणारी बाई काही डोळ्यांसमोर येईना.

शनिवारी माझी शाळा सकाळची असते, हे ते विसरले. दुपारी ते निघाले, तशी मीही पदर डोक्यावर ओढून मागे निघाले. ते थेट जुन्या पथारीवर गेले आणि गोण्यांच्या थप्पीमागे दिसेनासे झाले. मी अलीकडच्या थप्पीआड उभी राहिले.

समोर शूटिंग चाललं होतं. गावातला मोबाइल दुरुस्तीवाला अहिराणी विनोदी सिनेमे काढतो, तोच स्टँडवर मोबाइल लावून ओरडत होता. थोड्या वेळाने थप्पीमागून राक्षस आला. अंग शेडनेटच्या हिरव्या कापडाचं, शेपूट ठिबकच्या नळीचं, डोळे म्हणजे प्लास्टिकच्या चेंडूची दोन अर्धुकं. पाठीची चेन अर्ध्यावर अडकलेली. मी आप्पांना शोधायला आले होते, तरी घटकाभर त्या राक्षसावरच खूश झाले.

प्रसंग असा होता, की गावातली म्हातारी दृष्ट काढते आणि मिरचीच्या धुराने परग्रहवासी खोकून खोकून मरतो. म्हातारीने मूठभर मिरच्या विस्तवात टाकल्या. धूर उठला आणि सगळे खोकायला लागले. म्हातारी चपला टाकून पळाली, दुरुस्तीवाल्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. राक्षस मात्र धुरात आरामात उभा.

"ओ, खोका ना!" दुरुस्तीवाला खोकत ओरडला. "ठसका लागाले जोयजे ना तुम्हले!"

ठसका मलाही लागला नव्हता. तेव्हाच मी राक्षसाला ओळखलं.

त्याने डोकं काढलं. आप्पा हसत होते. अगदी पोट धरून, आई असताना हसायचे तसे. आमच्या गल्लीतल्या शिंप्याने तो पोशाख शिवला होता. तो चेन ओढता ओढता म्हणाला, "चाचा, अंदर दम नहीं घुटता?"

"नई रे भो," आप्पा म्हणाले. "आठे मन्हं तोंड कोणलेच दिखत नई."

घरी त्यांचं तोंड कोण बघत बसतं, ते मला कोणी सांगायला नको होतं. आधी मला रागच आला. मग रस्ताभर रडू आवरेना.

संध्याकाळी ते आले. कान हिरवाच होता. मी त्यांना पाटावर बसवलं, आई करायची तशा मीठमिरच्या ओवाळल्या आणि गॅसवरच्या तव्यात टाकल्या. मग तशीच, तव्याकडे तोंड करून उभी राहिले.

धूर घरभर झाला. मागे आप्पांना ठसका लागला. एक, मग दुसरा, मग श्वास अडकत अडकत, थांबेचना. तो ठसका नव्हता, हे न कळायला मी काही परग्रहावरून आलेली नाही.

"औंदा मिरची भलतीच तिखट शे," बऱ्याच वेळाने ते म्हणाले.

"शे," मी म्हटलं, आणि मागे वळून बघितलं नाही.