आत्याची दुसरी तपासणी

माझी आत्या भर उन्हाळ्यात स्वेटर घेऊन कामाला जायची. शेजारणी फिदीफिदी हसायच्या. आत्या कधी चिडली नाही, चिडायचे ते मी! तिच्या प्रयोगशाळेतली थंड खोली फ्रिजएवढी गार, आणि ही बाई दिवसभर तिथे उभी राहून प्रथिन शुद्ध करते, हे या लोकांना कोण सांगणार?

मला जन्म देऊन आई गेली, मी सहा वर्षांची असताना बाबा. नातेवाइकांनी न्यूमोनिया सांगितला. आत्या मात्र सरळ म्हणायची, "माझ्या भावाला एचआयव्ही होता." 

शाळा सुटली की मी तिच्याकडे जायचे. बाहेरच्या उंच स्टुलावर बसून गृहपाठ करायचा, ती दिसली की काचेतून वेडावून दाखवायचं. तो स्पिरिटचा वास अजून नाकात आहे. फार सुखाचे दिवस होते ते.

"या एचआयव्हीच्या अंगावर प्रथिनाचे काटे असतात," ती सांगायची. "त्यांच्या जोरावर तो पेशीत घुसतो. लस म्हणजे नुसता काटा बनवून शरीराला आधीच दाखवायचा, म्हणजे पुढे खरा आला की शरीर त्याला अडवेल. बस्स, एवढंच."

एवढंच म्हणे! चौदा वर्षं गेली त्यात. काटा तीन तुकड्यांचा, आणि मेला शुद्ध करता करताच सुटा व्हायचा. तिचे साहेब कॉम्प्युटरवर नवा आराखडा काढायचे, कुठला तुकडा कुठे जखडायचा ते ठरवायचे, आत्या तो घडवायची, आणि चार दिवसांनी घरी येऊन म्हणायची, "फुटला गं."

मी कॉलेजात होते तेव्हा एक काटा एकदाचा टिकला. तो निरोगी स्वयंसेवकांना टोचला. मग त्यांच्या रक्ताची तपासणी. रक्त, विषाणू आणि पेशी एकत्र ठेवायच्या. विषाणूने आत घुसून जम बसवला की पेशी चमकते. एका माणसाच्या रक्तात एकही पेशी चमकली नाही. आत्याचा फोन आला, "असशील तशी ये!" मी धावत गेले. साहेब टाळ्या वाजवत होते, आत्या दोन्ही हात तोंडावर ठेवून हसत होती. इतकी सुंदर ती मला कधीच दिसली नव्हती.

पण तिची एक खोड होती. निकाल चांगला आला की तेच रक्त भलताच काटा चढवलेल्या विषाणूसमोर ठेवायचं. आपल्या काट्यावर शिकलेलं रक्त त्याला अडवत नाही. अडवलं, तर समजायचं की हे काम लसीचं नाही.

"अहो बाई, आज तरी राहू द्या," साहेब म्हणाले.

"आजच लावते, साहेब."

तिसऱ्या दिवशी कळलं. त्या रक्ताने भलत्या विषाणूलाही अडवलं होतं. त्या माणसाला विचारलं, तेव्हा तो ओशाळून म्हणाला, एचआयव्ही होऊ नये म्हणून रोज एक गोळी घेतो, सांगायचं राहिलं. काटा कुठलाही असो, ती गोळी विषाणूला पेशीच्या आत गाठते; सगळी करामत तिची होती. लसीची नव्हती.

मी तिला आणायला गेले, तर ती थंड खोलीबाहेर एकटीच बसलेली. माझं डोकंच फिरलं. "कशाला लावलीस ती तपासणी? राहू दिली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"अगं, लोकांनी विश्वासाने टोचून घेतलं असतं. मग?"

मी तिच्याशेजारी बसले. मग तीच म्हणाली, "रोज एक गोळी. इतकं सोपं. झालेल्यांनाही आता औषधं आहेत, माणसं म्हातारी होतात त्यावर. तुझ्या बाबाच्या वेळी होतं का गं यातलं काही?"

नव्हतं. तिलाही ते ठाऊक होतं. बाबा गेले तेव्हासुद्धा मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ती ओक्साबोक्शी रडली. मी तिला जवळ घेतलं.

"इतकी वर्षं मी त्याच्यासाठी लस करतेय गं," ती म्हणाली. "आणि तो तर केव्हाच गेलाय."