फितूर पंच

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. त्यामुळे दारू कुठे मिळते हे इथे सगळ्यांना ठाऊक असतं. पाटी नसते, एवढंच. मी राहायला नालवाडीत आणि शिक्षक आंजीच्या रस्त्यावरच्या एका गावात. त्या गावात दारू दोन ठिकाणी मिळे. माजी सरपंचाच्या पुतण्याच्या गोठ्यात, तिथे नदीपलीकडच्या, बंदी नसलेल्या जिल्ह्यातून बाटल्यांच्या पेट्या येत. आणि गावाच्या टोकाला एक विधवा बाई एकटी राहायची, ती अधूनमधून मोहाची काढायची.

एका वर्षी गावातल्या बायकांनी पुतण्याविरुद्ध ठाण्यावर मोर्चा नेला. आठ दिवसांनी पोलिसांनी कारवाई केली. ती त्या बाईवर झाली.

त्याच दुपारी मी शाळेतून निघत होतो, तेवढ्यात हवालदार आला.

"सर, ठाण्यात दोन मिनिटं या. पंच म्हणून एक सही पाहिजे."

"कशाची?"

"छाप्याची. झाला तो. आता तुमाले कुठं उन्हात नेऊ?"

ठाण्यात टेबलाखाली एक प्लास्टिकची कॅन होती आणि टेबलावर पंचनामा तयार होता. त्याप्रमाणे मी बाईच्या घरी हजर होतो, चुलीमागून कॅन काढताना मी पाहिलं होतं आणि वासही घेतला होता. नाही म्हणायचं मला सुचलं नाही. सरकारी कागद पुढे आला की सही करायची, हे नोकरीत अंगवळणी पडलं होतं. फक्त 'चुलीमागून'मधला 'चु' दीर्घ लिहिला होता, तो मी ऱ्हस्व केला आणि सही केली.

पाच वर्षांनी समन्स आलं. कोर्टाच्या व्हरांड्यात बाकं रिकामी होती, तरी बाई भिंतीला टेकून खाली बसली होती. तिने मला ओळखलं.

"गुरुजी, तुमी काऊन आले इथं?"

"तुमच्याच केसमध्ये पंच आहे मी."

तिने थोडा विचार केला. "तुमी आलते का माह्या घरी? मले तं दिसले नाई." तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. तेवढ्यात पुकारा झाला म्हणून बरं.

आत जाताना सरकारी वकील हळूच म्हणाले, "कागदात आहे तेवढंच सांगा." मी मान हलवली. शपथ घेतली. मग त्यांनी विचारलं, "छाप्याच्या वेळी तुम्ही आरोपीच्या घरी हजर होता?"

"नाही," मी म्हणालो. "सही ठाण्यात केली."

असं बोलायचं मी ठरवून आलो नव्हतो.

वकिलांनी मला फितूर जाहीर करण्याची परवानगी मागितली. ती मिळाली. मग त्यांनी तोच कागद माझ्यापुढे धरला.

"ही दुरुस्ती तुमच्या हातची? न वाचता शुद्धलेखन सुधारलंत?"

"वाचलं होतं. पाहिलं नव्हतं."

न्यायाधीशबाईंनी पहिल्यांदा मान वर केली. माझ्याकडे बघितलं आणि टायपिस्टला माझं वाक्य सांगितलं.

दोन तारखांनंतर बाई सुटली. निकालात लिहिलं होतं की पंच फितूर झाल्यामुळे जप्ती सिद्ध झाली नाही. वीस वर्षं मी मुलांना खरं बोला म्हणून सांगत आलो; एकदा स्वतः बोललो त्याची नोंद अशी झाली. पुतण्यावर कुठला गुन्हाच नव्हता, त्यामुळे तो सुटण्याचा प्रश्न आला नाही.

निकालाच्या दिवशी मी मुद्दाम गेलो होतो. बाहेर आल्यावर मी तिची माफी मागितली. काय शब्द वापरले ते आता आठवत नाही. तिने ऐकून घेतलं.

"मी काढत होती जी, नाई कुठं म्हणतो," ती म्हणाली. "पण त्या दिवशी घरात थेंब नवता. पाच वर्षं हेच सांगून राह्यली मी. कोणी लिहून घेतलं नाई. तुमी एकदा बोलले, तं लगेच टाइप झालं."

ती रागावली नव्हती. तिच्या लक्षात आलं ते तिने सांगितलं, आणि आंजीची एसटी कुठे लागते ते मला विचारलं.