मामांची जीभ आणि खाऱ्या पाण्याची खाण

माझ्या बायकोच्या मामांनी जिभेवर ठेवून पाहिल्याशिवाय या जगातली एकही गोष्ट खरी मानली नाही. सूर्य तेवढा लांब असल्यामुळे सुटला. पस्तीस वर्षं साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. देवानं जीभ मोजमापासाठी दिलीय आणि लोक ती बोलण्यात फुकट घालवतात, असं त्यांचं मत, आणि हे मत ते तासभर बोलून सांगत. लग्नाला गेले की पंगतीआधी आचाऱ्याच्या कढईशी हजर. जिलबीचा पाक दोन बोटांत धरून तार ओढायची आणि "अजून दोन मिंटं थांबा, पावणं," असा हुकूम सोडायचा. आचारी चिडायचा, पण थांबायचा. नृसिंहवाडीला आम्ही दर्शनाच्या रांगेत, तर मामा संगमावर, दोन्ही नद्यांची एकेक ओंजळ तोंडात घोळवत डोळे मिटून उभे. माझ्या मुलीला बघायला आलेलं स्थळ जिना उतरायच्या आत त्यांनी निकाल दिला होता, "पोरगं गोड हाय, पर मळी लई." मळी म्हणजे साखर काढून झाल्यावर उरणारा काळा चिकट पाक, उरलेली साखर धरून बसतो आणि काही केल्या सोडत नाही. आम्ही ते स्थळ सोडलं. पुढं कानावर आलेल्या हकिकती इथं सांगण्यासारख्या नाहीत.

आता आमची कंपनी. कंपनी म्हणजे काय, मी आणि दोन मित्र, चाळीसेक कामगार आणि डोंगरातली एक बॉक्साइटची खाण. तिचा परवाना संपत आला होता. हातोहाती मोबाइल आले होते ते दिवस, आणि त्या मोबाइलच्या बॅटरीत लिथियम असतं हे आम्हाला नुकतंच कळलं होतं. अशात मुंबईहून एक कोटवाला दलाल आला. अर्जेंटिनात उंच डोंगरावर मिठाचं मैदान आहे, त्याच्या पोटात खारं पाणी आहे, ते उपसून तळ्यांत वर्षभर उन्हात आटवायचं आणि त्यातून लिथियम काढायचं, आणि हा सगळा प्रकल्प विकाऊ आहे, असं त्यानं सांगितलं. मामांनी हे ऐकलं आणि मांडीवर थाप मारली. "आयला! ह्यो तर साखर कारखानाच की! फकस्त बॉयलर तेवढा आभाळात टांगलाय!"

ठरलं असं की प्रकल्प घेतला तर मामांनी सहा महिने तिकडं राहून तळ्यांवर देखरेख करायची. बहात्तराव्या वर्षी मामांनी पासपोर्ट काढला. उचगावच्या एका शिंप्याकडून अर्जेंटिनाच्या थंडीसाठी कोट शिवून घेतला आणि तो अंगाला बसावा म्हणून भर एप्रिलात घालून फिरले. तिकडची भाषा म्हणून एकच शब्द शिकले, 'ग्रासियास', आणि तो आपल्या केएमटी बसच्या कंडक्टरला सुटे पैसे घेताना म्हणाले. कंडक्टर म्हणाला, "त्यो स्टॉप ह्या गाडीला न्हाय, काका." मामी मात्र वैतागल्या होत्या. "ह्येनला हितलं कोडोलीचं ऊन सोसंना, निघालं अर्जेंटिनाला!"

दलालानं कागदांच्या गठ्ठ्यासोबत त्या पाण्याच्या सहा बाटल्या पाठवल्या. कागद आम्ही तिघांनी वाचले आणि खूश झालो. मामांनी कागदांना हात लावला नाही. बाटल्या घेऊन गच्चीवर गेले, कल्हईच्या पराती मांडल्या, त्यात पाणी ओतलं आणि शेजारी छत्री उघडून बसले. कावळा आला की हाड्, पोरांचा चेंडू आला की हाड्, मामी जेवायला बोलवायला आल्या तरी हाड्. चौथ्या दिवशी पांढरं मीठ धरलं, तेव्हा गच्चीवरून ओरडले, "पावणं, लाइन बरोबर हाय!" मीठ बाजूला काढायचं, उरलेलं पाणी पुन्हा उन्हात ठेवायचं, रोज एक थेंब जिभेवर. माझे दोघे भागीदार रोज फोन करून विचारायचे, आज काय चव?

अठराव्या दिवशी मामा आपण होऊन खाली आले. हातात वाटी, वाटीत तेलकट पाणी. कितीही ऊन दिलं तरी ते वाळेना.

"कडू हाय," ते म्हणाले. "मॅग्नेशियम. मळी साखर धरून बसती न्हवं, तसं ह्ये लिथियमला धरून बसणार. काढाय जावा तर काढण्याचा खर्चच तुमाला खाईल. घिऊ नगासा."

मी हट्टाला पेटलो. एका वाटीवरून एवढा मोठा निर्णय? मामा शांतपणे म्हणाले, "त्येनला पत्र लिवा. मॅग्नेशियम किती, येवढंच इचारा." लिहिलं. दलालानं लांबलचक उत्तर पाठवलं, त्यात हवामान होतं, रस्ते होते, सरकारच्या सवलती होत्या, मॅग्नेशियम नव्हतं. दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा त्यानं फोन उचलणंच बंद केलं. आम्ही नाही म्हणून कळवलं आणि शाहूवाडीकडं एक जांभ्या दगडाची छोटी खाण घेतली. कामगार राहिले, आम्ही राहिलो. मामांमुळे राहिलो, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो.

मामांचा कोट मात्र कपाटात गेला, आणि माझ्या मनाला ते फार लागलं. दिवाळीत मी त्यांना म्हटलं, "मामा, प्रकल्प गेला तर गेला, आपण नुसतं ते मैदान बघून येऊ. मी नेतो तुम्हाला."

"बघाय?" मामा हसले. "मी काय सहलीला निघालतो व्हय, पावणं? पस्तीस वरसं दुसऱ्यानं आटवलेलं पानी तपासलं. यकदा तरी पयल्यापासनं आपल्या हातानं काढायचं हुतं."

मामा आता नाहीत. ही मनातली इच्छा त्यांनी त्या अठराव्या दिवशी सांगितली असती, तर मी ती खाऱ्या पाण्याची खाण डोळे झाकून घेतली असती. ते ओळखूनच ते तेव्हा गप्प राहिले, असं मला अलीकडे वाटायला लागलंय.