चपलेच्या तळाचे पायडल

१९ डिसेंबर. आमच्या तिघा मित्रांच्या सहलीचा हिशेब माझ्याकडे होता. त्यातला ट्रेडलचा वाटा, दोन हजार तीनशे चाळीस रुपये, एजंटने रोख माझ्या टेबलावर ठेवला.

"त्याला नको सांगूस मी भरले म्हणून," तो म्हणाला. "म्हण, तुमच्या कंपनीकडं त्याचं जुनं बिल निघालं."

"खोटं सांगणार नाही. तू भरलेस हेच सांगेन."

"बरं, तेच सांग. पण तूच सांग. मी नुसता चहा पाजला तरी तो विचारतो, यात तुझं कमिशन किती?"

आम्ही दोघेही हसलो.

आम्ही तिघे शाळेत एका बाकावरचे. मी कॉमर्स करून औषधांच्या एका ठोक व्यापाऱ्याकडे हिशेबनीस झालो. निवृत्ती आता जवळ आली आहे. माझी टापटीप पाहून हे दोघे मला ऑडिटर म्हणतात. दुसरा घरादुकानांचे व्यवहार जुळवणारा एजंट झाला. तिसऱ्याने छापखाना काढला. छापखाना म्हणजे एक खोली, एक कपाट, अक्षरांच्या खिळ्यांचे खण आणि पायाने चालवायचे एक ट्रेडल मशीन. मशीनचेच नाव त्याला पडले. त्याच्या सासूबाईसुद्धा त्याला ट्रेडलराव म्हणत आणि तो ओ देत असे.

खिळे उलटे जुळवून जुळवून त्याला उलटे वाचायची इतकी सवय झाली होती की काचेच्या दारावरची अक्षरे तो आतून भराभर वाची आणि बाहेर आला की अडखळे. मोठी कामे नव्या मशिनांनी कधीच ओढून नेली होती. पावतीपुस्तकांवर नंबर टाकणे, फाडायच्या रेघेवर भोके पाडणे, कार्डांना घडी मारणे एवढे त्याच्याकडे उरले होते. त्यावर घर चालत होते, ओढूनताणून का होईना.

त्याचा उजवा तळवा सपाट होता. लोखंडी पायडल टोचायचे, म्हणून त्याने जुन्या निळ्या चपलेचा तळ कापून पायडलवर ठोकला होता. झिजला की दुसरी चप्पल. काम नसतानाही तो पाय चालूच असे. जेवताना, दवाखान्यात नंबर लागायची वाट पाहताना. त्याची बायको, आमच्या वहिनी, म्हणायच्या, "झोपेत किती पावत्या छापता तेवढं सांगत जा, म्हणजे त्यांचेही पैसे मागता येतील."

मशीन त्याचे होते, हप्ते फेडून घेतलेले. खोली मात्र थोरल्या भावाची, म्हणजे दादाची. समोरचा रस्ता रुंद झाल्यापासून दादा खोली मागत होता. ट्रेडलचे उत्तर ठरलेले: "मशीन जिथं बसलंय तिथंच चालतं. ते उठलं की मी उठलो." आपली पाठ वळली की दादा मशीन बाहेर काढील, ही भीती त्याच्या मनात घर करून होती. अंगात ताप असला तरी तो शटर उघडे आणि मशीनशेजारी सतरंजी टाकून पडून राही.

म्हणून मी सहलीचे आणि त्याचा वाटा एजंटने भरल्याचे सांगितले तेव्हा त्याने आधी मशीनकडे पाहिले.

"चार दिवस? आणि हे?"

"हे काय रडणार आहे का तुझ्या नावानं?" एजंट म्हणाला. "सगळं जग थंडीत सुट्टी घेतं. तू एकटाच गाड्याला जुंपलेला."

"तुझं बोलणं ऐकलं की वाटतं मीच भाड्यानं द्यायचा आहे."

शेवटी तो तयार झाला तो स्प्रिंगसाठी. कागद धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांची स्प्रिंग ढिली झाली होती, आणि तसली स्प्रिंग आम्ही जाणार होतो त्या मोठ्या शहरातल्या जुन्या मशिनांच्या गल्लीतच मिळे. मी म्हणालो, एक दुपार तिकडे काढू.

"तू येतोयस ना नक्की?" त्याने मला विचारले. "मग येतो."

एका गिऱ्हाइकाची पावतीपुस्तके तयार होती. एजंट म्हणाला, "किल्ली दादाकडे ठेव. माणूस हात हलवत परत जायला नको." ट्रेडल किल्ली बोटात फिरवत थोडा वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "ठेवतो. कसाही असला तरी सख्खा भाऊ आहे. दोन पुस्तकं तर देईल."

शहरात हाडे गोठवणारी थंडी होती. लॉजच्या खोलीत तीन खाटा आणि नीट न मिटणारी एक खिडकी. ट्रेडलने वर्तमानपत्राच्या पट्ट्या घडी करून फटीत अशा बसवल्या की खोली उबदार झाली. त्या दिवसांत एजंटने हात आखडता घेतला नाही. टॅक्सी त्याची, उंच इमारतीच्या गच्चीची तिकिटे त्याची. ट्रेडल लहान मुलासारखा रमला होता. ढिली स्प्रिंग नमुना म्हणून रुमालात बांधून खिशात ठेवली होती. मधूनमधून वरून चाचपायचा.

"गल्लीत कधी जायचं?" तो रोज विचारी.

"आज बंद असते," एजंट पहिल्या दिवशी म्हणाला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "उद्या. आज प्राणिसंग्रहालय." तिथे सिंहाच्या पिंजऱ्यासमोर आम्ही उभे असताना त्याला फोन आला आणि तो बराच वेळ लांब जाऊन बोलत राहिला.

"कोणाचा रे एवढा?" ट्रेडलने विचारले.

"घरचा. पाण्याची टाकी फुटलीय."

तिसऱ्या सकाळी एजंट अंघोळीला गेला तेव्हा ट्रेडलने मफलर गुंडाळला. "ऑडिटर, चल. तो साबण लावतोय तोवर जाऊन येऊ. हा माणूस मला सिंह दाखवील, गल्ली नाही दाखवायचा."

गल्ली तेलाने काळी झालेली. दोन्ही बाजूंना उघडी पडलेली मशिने, त्यांची चाके, दांडे, साखळ्या. कानटोपी घातलेल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराने ट्रेडलची स्प्रिंग बोटांत फिरवून पाहिली.

"नशीबवान आहात. एरवी वर्षभर मिळाली नसती. कालच एक मशीन आलंय, खोलायला घेतलंय. या मागं."

मागच्या अंगणात मशीनचा सांगाडा उभा होता. मोठे चाक सकाळीच भट्टीकडे रवाना झाले होते. सुटे भाग पोत्यावर मांडलेले होते. त्यात एक पायडल होते आणि त्यावर निळ्या चपलेचा तळ.

मी ते ओळखले. ट्रेडलने उजव्या पायातला बूट काढला, मोजा काढला आणि त्या गारठ्यात उघडा पाय पायडलवर ठेवला. टाचेचा खळगा टाचेला बरोबर बसला. त्याने पाय तसाच ठेवला.

"कुठून आलं हे?" मी दुकानदाराला विचारले. त्याने गावाचे नाव सांगितले. ते आमचे होते.

"विकलं कोणी?"

"थोरले भाऊ म्हणून एक होते. पण बोलणी सगळी त्यांच्या एजंटनं केली. महिनाभर माझ्या मागं लागला होता. म्हणाला, मशीनवाला चार दिवस बाहेर जाईल, त्यातच टेम्पो आणा, आधी नको नि नंतर नको. माणूस सज्जन. माझ्याकडून एक पैसा घेतला नाही."

म्हणजे माझ्या टेबलावर पैसे ठेवले त्याच्या आधीपासून हे चालले होते.

ट्रेडलने मोजा चढवला, बूट घातला. "स्प्रिंग नको," तो म्हणाला. "हे केवढ्याला?"

"हे पायडल? करणार काय त्याचं? द्या तीनशे पंचवीस."

ट्रेडलच्या खिशात अडीचशे निघाले. मी पाकिटाला हात घातला तर त्याने माझे मनगट धरले. "तू नाही. हे मी घेणार."

"राहू द्या, राहू द्या," दुकानदार म्हणाला. "पंचाहत्तर पुढच्या खेपेला द्या."

पायडल आपलेच आहे हे ट्रेडलने त्याला सांगितले नाही, म्हणून मीही सांगितले नाही.

लॉजवर एजंट पाय लांब करून चहा पीत होता. "अरे, मला टाकून कुठं उलथला होतात?" एवढे म्हणाला आणि त्याची नजर कागदात गुंडाळलेल्या वस्तूवर गेली. कागदातून निळी कड बाहेर आली होती. त्याने कप खाली ठेवला.

"हे बघ," तो म्हणाला, "दादा तुला खोलीच्या पैशातून काहीतरी देणारच आहे. मी त्याच्याकडून तसं कबूल करून घेतलंय. किती वर्षं पाय घासणार होतास?"

"सिंहासमोर फोन आला, तेव्हा टेम्पो भरत होता?" ट्रेडलने विचारले.

एजंट उठून खिडकीतल्या कागदाच्या पट्ट्या बोटाने आत दाबू लागला.

"मी विचारलं तर घरचा म्हणालास. खरंच बोललास. माझ्याच घरचा होता."

"मी पैसे खाल्ले असं समजू नकोस. तुझ्या वाट्याचे पैसेसुद्धा दादानंच दिले होते."

ट्रेडल खाटेवर बसला. आपल्याला फिरवून आणायचा खर्च आपल्या भावाने केला, हे पचायला त्याला वेळ लागला असावा. मी एजंटला म्हणालो, "आणि मला कशाला मध्ये घातलंस?"

"तुझ्याशिवाय तो आला नसता," तो म्हणाला. व्यवहाराला साक्षीदार लागतो, हे सांगावे तितक्या सहज.

आम्ही दोघे त्याच दुपारच्या बसने परतलो. पायडल ट्रेडलच्या मांडीवर होते. एवढ्या लांबच्या प्रवासात त्याचा उजवा पाय एकदाही हलला नाही. मी मुद्दाम पाहत होतो.

छापखान्याच्या शटरला नवे कुलूप होते. फटीतून आतली जमीन दिसत होती. मशीनचे बोल्ट उखडले तिथली भोके सिमेंटने बुजवलेली, सिमेंट अजून ओले. दादा वरच्या मजल्यावरून खाली आला.

"मला विचारायचं तरी," ट्रेडल म्हणाला.

"विचारलं असतं तर तू होऊ दिलं नसतंस," दादा म्हणाला. त्याच्या मते यात सगळे आले होते.

दादाने पुढे काहीतरी देऊ केले, ट्रेडलने ते घेतले नाही. तो आता एका झेरॉक्सच्या दुकानात काउंटरवर बसतो. यंत्र बटणावर चालते. एजंट रस्त्यात भेटला की मान हलवतो. मी मान हलवत नाही. त्या वर्षापासून मी कोणाच्या सहलीचा हिशेब ठेवत नाही. पायडल ट्रेडलच्या घरी जेवणाच्या टेबलाखाली, त्याच्या खुर्चीसमोर असते. वहिनी केर काढताना ते उचलतात आणि पुन्हा जागेवर ठेवतात. जेवताना त्याचा पाय त्यावर असतो, पण हलत नाही.

त्या शहरात आम्ही पुन्हा गेलेलो नाही. दुकानदाराचे पंचाहत्तर रुपये अजून द्यायचे आहेत.