अस्थी मागण्यापुरती ग्रीक

मी चौथी शिकलेला माणूस. चौथीची परीक्षाही तापात दिली होती. खरंच पास झालो की मास्तरांनी दया केली, ते मला आजवर कळलेलं नाही. धुळ्याच्या एका जिनिंगमध्ये फिटर म्हणून आयुष्य गेलं. बोल्ट हातात आला की तो कुठल्या नटाला बसेल ते न मोजता सांगायचो. एवढी विद्या मला पुरली. जास्तीची गरज कधी पडली नाही, आणि पडली असती तरी मी कोणाकडे मागायला गेलो नसतो.

तोच मी, सत्तरी उलटल्यावर, दोनशे पानी वही घेऊन ग्रीक भाषा शिकायला बसलो. गल्लीतले हसले. पुतण्या म्हणाला, आबा, मोबाईलमध्ये मराठी बोला, समोर ग्रीक होऊन निघतं. मी म्हटलं, निघू दे, मला नको.

का नको, ते सांगायला मागे जावं लागेल.

मला एकच मुलगा. आयटीआय करून वेल्डर झाला, दोन वर्षं वरणगावला एका ठेकेदाराकडे राहिला, मग मुंबईच्या एका एजंटामार्फत जहाजं दुरुस्त करायच्या कामावर ग्रीस देशाला गेला. जाताना आम्ही त्याचं लग्न ठरवून ठेवलं होतं. भडगावला सुपारी फुटली होती, पाहुण्यांना शब्द दिला होता. पुढच्या उन्हाळ्यात तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग फोनवर म्हणाला की इथल्याच एका बाईशी लग्न केलं, आणि मुलगी झाली आहे.

भडगावचे पाहुणे आमच्या ओट्यावर बसून गेले. पाणीही घेतलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. चार दिवसांनी मी भटजीकडे गेलो आणि विचारलं, जित्या मुलाची दशक्रिया करता येते का? तो नाही म्हणाला. मी दुसरा भटजी गाठला. तो म्हणाला, बापाने मुलावर पाणी सोडायचं ठरवलंच असेल तर करता येतं. दर्भाचा पुतळा करायचा, देहाच्या जागी त्याला अग्नी द्यायचा, पुढचं सगळं मेल्या माणसासारखं.

तापीच्या काठावर ते केलं. भाऊबंद होते. दर्भाची पेंढी हातभर लांब, तिला डोकं म्हणून गाठ मारलेली. पेटवली तर इतकी पटकन जळाली की भटजीचा मंत्र मागे राहिला. पिंडाला कावळा शिवेना. दोन तास उन्हात उभे राहिलो. शेवटी भटजीने दर्भाचाच कावळा केला आणि त्याच्याकडून पिंड शिववून घेतला. बायको वाळूत जरा लांब बसली होती. तिने डोळ्याला पदर लावला नाही. परत निघताना सगळ्यांच्या देखत एवढंच बोलली, “मना आंडोर जित्ता शे.”

माझा मुलगा जिवंत आहे. ते तर मलाही माहीत होतं. पण भडगावच्या लोकांपर्यंत बातमी पोचली, आणि मला ओट्यावर ताठ बसता येऊ लागलं.

बायकोकडून मुलाला ते कळलं. ती चोरून फोन करायची, मला माहीत होतं, मी माहीत नसल्यासारखं वागलो. मुलाने मला पुन्हा फोन केला नाही. मीही केला नाही. पाच वर्षं गेली.

मग एका दुपारी पुतण्या फोन घेऊन धावत आला. जहाजाच्या बाहेरून बांधलेल्या परांचीवरून मुलगा खाली पडला होता. फोनवर ती बाई होती, इंग्रजीत बोलत होती. पुतण्याने ऐकलं आणि मला म्हणाला, विचारते आहे, देह पाठवायचा का? पाठवायचा असेल तर ती सगळी कागदपत्रं करते. मी खुर्चीवर होतो. तेव्हा मी काय बोललो ते शब्दाला शब्द लक्षात आहे. मी म्हटलं, “सांग तिला, आमच्याकडून त्याचं सगळं झालंय.”

पुतण्याने माझ्याकडे पाहिलं. मग तोंड फिरवून त्याने काहीतरी इंग्रजीत सांगितलं. कोणत्या शब्दांत सांगितलं ते मी कधी विचारलं नाही. फोन ठेवला तेव्हा बायको दारात उभी होती. म्हणाली, “आते काय जाळशात?” आता काय जाळणार तुम्ही. त्यानंतर ती माझ्याशी बोलायची थांबली. ताट वाढायची, पाणी ठेवायची, औषधाची गोळी तळहातावर ठेवायची. शब्द नाही.

काही महिन्यांनी पाकीट आलं. त्यात एका पांढऱ्या दगडाचा फोटो आणि इंग्रजीत चार ओळी. पुतण्याने वाचून दाखवल्या. तिकडे थडग्याची जागा तीन वर्षांसाठीच मिळते. तीन वर्षांनी जमीन उघडतात, हाडं बाहेर काढतात, वाइनने धुतात आणि नाव लिहिलेल्या लहान पेटीत घालून एका खोलीत ठेवतात. तिने कळवलं होतं, एवढंच. मागितलं काही नव्हतं.

बायको पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. कितीतरी महिन्यांनी ती माझ्याशी बोलली. म्हणाली, अस्थी आणा.

पुतण्याने लगेच मोबाईल काढला. मी त्याच्या हातावर हात ठेवला. मुलाबद्दलचा माझा शेवटचा शब्द दुसऱ्याच्या तोंडून तिकडे गेला होता. हा शब्द तसा जाणार नव्हता. मागायचं तर मीच मागणार होतो, माझ्या हाताने लिहून, तिच्या भाषेत. याला कोणी अहंकार म्हणेल. म्हणू दे.

आमच्या कॉलनीच्या टोकाला एक निवृत्त पाळकसाहेब राहतात. जन्मभर चर्चमध्ये उपदेश केला, आता गुडघ्यांमुळे घरीच असतात. त्यांचा पंखा मी अनेकदा दुरुस्त केला होता. तरुणपणी सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेत, त्यांना ग्रीक शिकावी लागली होती. त्यांनी आधीच सांगून टाकलं, “आबा, मला येते ती शास्त्राची भाषा. फार जुनी. आज बाजारात अशी कोणी बोलत नाही.” मी विचारलं, तिला समजेल का? म्हणाले, चर्चमध्ये जात असेल तर समजेल. जुन्या पोथीतल्यासारखं वाटेल, पण समजेल. मग चालेल, मी म्हटलं. असल्या मागणीला बाजारातली भाषा कशाला.

अक्षरांना दोन महिने लागले. मग नामं. मग एके दिवशी त्यांनी ‘चांगला’ हा शब्द घेतला. अगाथोस, अगाथे, अगाथोन. चांगला, चांगली, चांगलं. मला हसू आलं. म्हटलं, हे आमच्या घरातच आहे, यात शिकायचं काय? ते म्हणाले, “हसू नका, पुढे आहे.” पुढे होतं खरं. नामाचं लिंग बघायचं, वचन बघायचं, विभक्ती बघायची, आणि तिन्ही ठिकाणी विशेषण बरोबर बसवायचं. पण हे मला बोल्टासारखं दिसलं. जाडी, आटे, आणि आटे उजवे की डावे. तीन गोष्टी जुळल्या की बोल्ट बोटांनी फिरवला तरी शेवटपर्यंत जातो. एक चुकली तर दोन फेरे जातो आणि अडकतो. त्यावर जोर लावणारा फिटर अडाणी.

मीही जोर लावलाच. ‘वाट’ला ग्रीकमध्ये होदोस म्हणतात. शेवटी ओस, म्हणून मी अगाथोस होदोस लिहिलं, आवाजाला आवाज जुळवून. त्यांनी खोडलं. वाट तिकडेही स्त्रीलिंगीच, आपल्यासारखी, म्हणून अगाथे होदोस. मी वाद घातला. दोन्ही शेपटं सारखी दिसतात, मग का नाही? “आवाज जुळवू नका आबा,” ते म्हणाले, “नातं जुळवा.” त्या दिवशी मी वही तिथेच टाकून घरी आलो. तीन दिवस गेलो नाही. चौथ्या दिवशी त्यांचा पंखा दुरुस्त करायच्या निमित्ताने गेलो. पंखा नीट चालत होता. त्यांनी वही पुढे सरकवली.

मुलासाठी शब्द निघाला तेक्नोन. नपुंसकलिंगी, आपल्या ‘मूल’सारखाच. आणि अस्थींना ओस्ता. मी म्हटलं, परत म्हणा. ओस्ता. अस्थी. पाळकसाहेब म्हणाले, फार जुन्या काळी हे एकाच घरातले शब्द असावेत. मी तो शब्द घरी नेला, बायकोला सांगितला. ती स्वयंपाकघरात हळू आवाजात दोनदा म्हणाली. त्यानंतर ती मला वही कुठे आहे, किती झालं, असं विचारू लागली. एवढं बोलणं घरात परत आलं.

दीड वर्षाने पत्र तयार झालं. सात ओळी. ‘माझ्या मुलाच्या अस्थी’ हे चार वेळा लिहून पाहिलं. ‘माझं’चं ‘माझ्या’ होतं तसंच तिथेही एमोनचं एमू झालं, तेक्नोनच्या तेक्नूला जाऊन बसलं. फिरवून पाहिलं, कुठे अडकलं नाही. पाळकसाहेबांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि एकही खाडाखोड केली नाही. मी पत्र टपालात टाकलं, आणि बसने सोनगीरला जाऊन तांब्याचा कलश आणला. अस्थी घरात आणत नाहीत, म्हणून अंगणातल्या लिंबाला आधीच खिळा ठोकून कलश टांगून ठेवला. त्या भटजीलाही विचारून आलो. तो म्हणाला, एका माणसाची दशक्रिया दोनदा कशी करू? पण अस्थी येऊ द्या, विसर्जन करू. तेवढं बस होतं.

उत्तर यायला सात आठवडे लागले. गोल, सुटी अक्षरं, जणू लहान मुलाला वाचता यावीत म्हणून काढलेली. माझ्यासाठीच तशी काढली होती. मी दोन दिवस एकटाच लावत बसलो. पातेर लागला, म्हणजे बाप. पुरुष लागला. मुलगी लागली, रविवार लागला. एक क्रियापद काही केल्या लागेना. वही घेऊन पाळकसाहेबांकडे गेलो आणि त्या शब्दावर बोट ठेवलं.

त्यांनी वाचलं. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. म्हणाले, उद्या बघू का? मी म्हटलं, आत्ता.

“आबा, इथे ‘जाळलं’ असं आहे.”

मग त्यांनी तिचं सगळं पत्र मराठीत वाचून दाखवलं. माझा नवरा म्हणायचा, माझ्या बापाने मला नदीवर जाळलं. तो मेला तेव्हा मी तुम्हाला विचारलं. तुम्ही सांगितलंत, तुमच्याकडून सगळं झालं आहे. तर मग तुमच्याकडे तो आहे. जो माझ्याकडे राहिला, तो मी देणार नाही. मुलगी दर रविवारी त्याच्याकडे जाते. तुमचं पत्र आम्ही दोघींनी वाचलं. त्यात चूक सापडली नाही.

म्हणजे पुतण्याने त्या दिवशी बरोबर सांगितलं होतं. शब्दाला शब्द. मी इतकी वर्षं मनातल्या मनात थोडा दोष त्याच्यावर ठेवून होतो.

घरी आलो. बायकोने तोंडाकडे पाहिलं. संध्याकाळी तिने लिंबावरचा कलश काढला, घासला आणि फळीवर पालथा ठेवला. बोलणं पुन्हा बंद झालं. या वेळी मीही ते उघडायला गेलो नाही.

आठ दिवसांनी मी वही घेऊन बसलो. पाळकसाहेबांकडे गेलो नाही. या पत्रात काही मागायचं नव्हतं. तिला एवढंच सांगायचं होतं की मी नदीवर जाळलं ते काय होतं. दर्भाला त्यांच्यात शब्द नाही. गवताला आहे, खोर्तोस. ते पुल्लिंगी. त्याला वाळलेला जोडायचा होता. क्सेरोस. शेपटं सारखी दिसली म्हणून आधी विश्वास बसला नाही. लिंग पाहिलं, वचन पाहिलं, विभक्ती पाहिली. नातं जुळत होतं.

क्सेरोस खोर्तोस. वाळलेलं गवत. तिथे तो नव्हता, गवत होतं, एवढ्या दोन ओळी लिहिल्या, खाली ‘बाप’ लिहिलं आणि पाकीट बंद केलं. दोन ओळींसाठी तेवढंच तिकीट लागतं का, म्हणून मी टपालातल्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, लागतं. मी म्हटलं, लाव.

उत्तर आलेलं नाही. तीन वर्षं गेल्या महिन्यात पुरी झाली. तिकडे जमीन उघडली असेल, वाइनने धुऊन त्याला पेटीत ठेवलं असेल. खिळा लिंबाला तसाच आहे.